नारिंगी पट्ट्याचा ड्रम

नाव?

"कल्लप्पा."

"पुरतं सांगा की. साहेब लोक अर्धं नाव घेत न्हाईत."

"शिपाई ड्रायव्हर कल्लप्पा गुरबसप्पा बिराजदार. हजर हाय, साहेब."

साहेब म्हणजे मल्लव्वा, कल्लप्पाची बायको. पलटणीच्या डॉक्टरांचं बोर्ड त्याला तपासायला येणार होतं, त्याच्यापुढं काय बोलायचं याची ती तालीम घेत होती. ती बांधावर उभी होती, डोक्यावर भाकरीची पाटी आणि एक हात कमरेवर. खरे साहेब खुर्चीत बसून विचारतात, हे कल्लप्पानं तिला सांगून पाहिलं होतं. पण ती पाटी उतरवून बसली असती, तर गाडीवाटेनं येणाऱ्या-जाणाऱ्याला ती नवऱ्यापाशी बसलेली दिसली असती. उभी राहिली म्हणजे कसं, भाकरी द्यायला आली नि निघाली. तेवढं गावाला चालत होतं.

दोघांच्या मधे एक चपटा दगड होता. तिनं भाकरी त्या दगडावर ठेवायची, ती मागं सरली की त्यानं उचलायची. हा नेम कुणी घालून दिला नव्हता. पायवाट पडते तसा तो पडत गेला होता.

"आवाज बारीक येतोय," मल्लव्वा म्हणाली. "पलटणीत असंच बोलत होता काय?"

"पलटणीत ऐकणारी माणसं होती."

"मग मी कोण हाय? म्हस हाय?"

कल्लप्पा हसला. हसताना चेहरा ताणला की गालावरच्या गाठी दुखत. म्हणून तो हसायचं कमी करत आला होता, आणि गावाला वाटायचं, कल्लप्पा माणूसघाणा झाला.

काय होतंय?

गालांवर, कानांमागं, मानेवर, हातांवर पुळ्या. तरण्या पोरांना येतात तशाच, पण पोरांच्या जातात. ह्या गेल्या नाहीत. काळ्या तोंडाच्या, कडक. एखादी बसली तर तिथं खड्डा पडे आणि खड्ड्याशेजारी नवी उठे. त्यात दुष्काळाच्या साली हाताची बोटं बधिर व्हायला लागली. घमेलं हातात आहे की सुटलं, हे डोळ्यांनी बघावं लागे.

चेहरा बिघडलेला आणि बोटं बधिर. गावाला एवढं पुरलं. तो शब्द कुणी तोंडावर उच्चारला नाही. हॉटेलात त्याच्यासाठी कान तुटलेला कप वेगळा निघाला. मठात प्रसादाच्या पंगतीला त्याच्या दोन्ही अंगांना जागा मोकळी राहायला लागली. पुढं पुढं त्याचीच जागा मोकळी राहायला लागली.

महारोगाचा सरकारी तपासनीस सायकलवरून आला होता. त्यानं कल्लप्पाला डोळे मिटायला लावून पिसानं गाल शिवला, कोपरामागची शीर चाचपली, आणि चावडीपुढं सगळ्यांदेखत सांगितलं, "हा तो रोग नव्हे."

"मग कुठला?" धाकटा भाऊ रेवणप्पानं विचारलं.

"ते मला नाही सांगता येत. तो नव्हे, एवढं खरं."

तपासनीस टांग टाकून गेला आणि होतं त्याहून बिघडलं. महारोगाला निदान नाव होतं, दवाखाना होता, गोळ्या होत्या. ज्याला नावच नाही ते कुणाच्या अंगावर कधी उडी घेईल, याचा भरवसा काय?

राहता कुठं?

माळावरच्या रानात, खोपीत.

जा म्हणून त्याला कुणी सांगितलं नाही. ज्वारी राखायला म्हणून तो एका सुगीत रानात झोपायला गेला. ज्वारी निघाली, कडबा निघाला, कल्लप्पा तिथंच राहिला. रेवणप्पानं येऊन खोपी नीट शाकारून दिली, आतून सारवून दिली. शाकारून झाल्यावर दोघं भाऊ जरा वेळ तिच्याकडं बघत उभे राहिले. इतकी चांगली शाकारलेली खोपी सुगीपुरती नसते, हे दोघांनाही कळलं.

मल्लव्वा गावात राहिली. पोरीसाठी. रुद्राणी लग्नाची झाली होती, आणि आई-बाप दोघं एका खोपीत राहतात म्हटल्यावर त्या घराचा उंबरा कोण चढणार? हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. म्हणजे मल्लव्वानं रडत सांगितलं होतं आणि कल्लप्पानं मान हलवली होती.

खोपीत एक ट्रान्झिस्टर होता. पलटणीतून तो व्हिएतनामला गेला होता, तिकडून येताना आणलेला. त्याचं बायकोपेक्षा जास्त बोलणं त्या डब्याशी होई. बातम्या देणारा "नमस्कार" म्हणाला की कल्लप्पाही म्हणे, नमस्कार. शेती, भाव, हवामान, क्रिकेट, जे येईल ते तो ऐके. आणि अशाच एका संध्याकाळी त्या डब्यानं त्याचा रोग सांगितला.

अमेरिकेतले सैनिक कोर्टात गेलेत, हिंदी बातम्यांत बाई सांगत होती. व्हिएतनामच्या लढाईत झाडांची पानं गळावीत म्हणून विमानांतून औषध फवारलं गेलं. ज्यांच्या अंगावर ते पडलं त्यांतले कितीतरी आता आजारी आहेत. कातडीचे विकार, हातापायांना बधिरपणा. हा आजार नोकरीतून आला असं सरकारनं मानावं, उपचार द्यावेत, असं त्यांचं मागणं आहे. सरकार अजून मानत नाही. यापुढं खेळांच्या बातम्या.

कल्लप्पा उभा राहिला. खोपीत उभं राहिलं की डोकं वाशाला लागे, ते लागलं. कुणाला तरी सांगायला पाहिजे होतं. त्यानं बाहेर येऊन चौफेर पाहिलं. माळ होता, माळावर हरभऱ्याचं काढलेलं रान होतं, लांब एस.टी.ची धूळ होती. तो बांधावर जाऊन उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी मल्लव्वा येईतो ते तोंडातल्या तोंडात धरून बसला.

पोरीचं कुठवर आलं?

हा प्रश्न बोर्ड विचारणार नव्हतं. पण सगळं चाललं होतं ते यासाठी.

अफझलपूरकडचं एक घर तयार झालं होतं. चांगली माणसं. अक्षय्य तृतीयेचं म्हणत होती. रेवणप्पा बैलाच्या शिंगाकडं बघत म्हणाला, "अण्णा, रोगाला कायतरी नाव आणा. सरकारी डॉक्टरनं लिवून दिऊ दे, ह्ये नोकरीतनं आलंय, कुणाच्या अंगावर जात न्हाय. मग मांडवात पयली अक्षता तुमची. कोण काय बोलतंय बघतोच मी."

"आणि न्हाय मिळालं तर?"

रेवणप्पा बैलाच्या शिंगावरची माती नखानं काढत राहिला. मग म्हणाला, "पोरीचं बगायला पायजे, अण्णा."

वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.

म्हणून कल्लप्पानं सोलापुरात माजी सैनिकांच्या कचेरीत अर्ज दिला. नोकरीमुळं आलेल्या आजाराचं पेन्शन मिळावं. पेन्शन किती, कधीपासून, याची त्यानं चौकशीही केली नाही, तेव्हा कारकुनानं चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. पुण्याहून डॉक्टरांचं बोर्ड येणार होतं. ते तपासतील आणि सांगतील, आजार नोकरीमुळं आहे की नाही.

नोकरी कुठं झाली?

"व्हिएतनाम, साहेब. आंतरराष्ट्रीय आयोगाच्या गाडीवर ड्रायव्हर."

"ह्ये झकास म्हणताय," मल्लव्वा म्हणाली. "आयोग म्हंजी काय इचारलं तर?"

"साहेबांना ठावं असतंय."

"ह्या साहेबाला ठाव न्हाय."

मग त्यानं पुन्हा एकदा सांगितलं. तिकडं दोन बाजू लढत होत्या. पूर्वी कधीतरी त्यांचा तह झाला होता, तो पाळला जातो का हे बघायला तीन देशांची माणसं ठेवली होती. भारत, पोलंड आणि कॅनडा. तह कुणीच पाळत नव्हतं. तरी आयोग होता. पांढरी जीप, तिला झेंडा. कल्लप्पा साहेबांना घेऊन जाई, साहेब उतरून बघत, काहीतरी लिहीत, परत येत. कुणाच्या बाजूचं बोलायचं नाही, कुणाच्या बाजूचं काही घ्यायचं नाही, चहासुद्धा, अशी ताकीद होती.

"मंग लढाईत तुमी कराय काय गेलता?"

"बघाय."

"आनि रोग बघणाऱ्याला झाला," मल्लव्वा म्हणाली आणि पाटी सावरली.

कशानं झालं?

इथं खरी गोम होती. इथंच कल्लप्पा रोज चुकत होता.

"फवाऱ्यानं, साहेब. इमान वरनं गेलं, फवारा अंगावर पडला."

"पुढं?"

"पुढं दुसऱ्या म्हयन्यात डोंगराची पानं गळाली. समदा डोंगुर उघडा पडला. मग मी बघितलं, की आमच्या चौकीत कोथमीर लावलेली, ती पिळा पडल्यागत वाकडी होऊन मेली. ती कोथमीर होती ड्रमच्या सांडपाण्यावर. आन् त्यो ड्रम…"

"री!" मल्लव्वा ओरडली. कन्नडात बायको नवऱ्याला अशी हाक मारते. गोडीनंही मारते आणि आत्ता मारली तशीही. "कुठला ड्रम?"

"त्योच की. मी आणल्याला."

"कुनी आनला?"

"मी."

"पुना सांगा. ड्रम कुनी आनला?"

कल्लप्पानं पायानं एक ढेकूळ फोडलं.

"ड्रम न्हवताच," मल्लव्वा म्हणाली. "फवारा पडला. संपलं. रेडूत काय सांगितलं? फवाऱ्याचं सांगितलं. ड्रमचं सांगितलं काय?"

"न्हाय."

"मंग? तुमी आपल्या हातानं ड्रम आनला, आपल्या हातानं अंगावर घेतला म्हनल्यावर साहेब काय म्हनल? म्हनल, तुझी तू खाज भागवलीस, सरकारचा काय संबंध? रुद्रीच्या अक्षता डोळ्यांम्होरं आना आन् बोला. कुठला ड्रम?"

"कुठलाच न्हाय, साहेब."

"शाबास."

पण ती गेली की, दगडावरची भाकरी खाताना, कल्लप्पाला उगीचच वाईट वाटे. ड्रमसाठी. एवढ्या नोकरीत सांगण्यासारखं त्याच्या हातून तेवढंच झालं होतं.

ते बाळ त्यानंच गेलं का?

हे मल्लव्वानं एकदाच विचारलं. साहेबाच्या आवाजात सुरू केलं आणि मधेच तिचा आवाज निघाला.

कल्लप्पा परत आल्यावर त्यांना एक मुलगा झाला होता. तो रडलाच नाही. सासू मरेपर्यंत मल्लव्वाला त्यावरून बोलत राहिली, गरोदरपणी हिनं काय खाल्लं, कुठं ओलांडलं. मल्लव्वाही तेच धरून बसली होती, आपलंच काहीतरी.

"त्या तिथल्या पान्यानंच का?"

"ठाव न्हाय, साहेब," कल्लप्पा म्हणाला. साहेब असं तोंडातून गेलं खरं. तिनं ते दुरुस्त केलं नाही. पाटी घेऊन ती गाडीवाटेला लागली आणि त्या दिवशी तालीम तिथंच राहिली.

काही तक्रार?

हा प्रश्न त्याला आधी एकदा विचारून झाला होता. नोकरी संपली तेव्हा.

सुटणाऱ्यांची रांग होती. डॉक्टर खुर्चीत, पुढं टेबल. प्रत्येकाला तोच प्रश्न. कोई तकलीफ? आणि प्रत्येकाचं तेच उत्तर. नहीं साब. रांगेतला कुणीही दुसरं उत्तर देत नसे. दिलं तर इस्पितळात ठेवून घेतात, सुटका लांबते, हे सगळ्यांना ठाऊक. एकाचा गुडघा दरवाजासारखा कुरकुरत होता, एकाला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. त्या बहिऱ्याला प्रश्नही ऐकू आला नाही. त्यानं पुढच्याचे ओठ बघून ठेवले होते. नहीं साब.

कल्लप्पाच्या गालांवर तेव्हाच पुळ्या होत्या. डॉक्टरनं वर बघितलं असतं तर दिसल्या असत्या. सोलापूरची गाडी दुपारची होती.

नहीं साब.

पाण्याची काय सोय होती?

हा प्रश्न तालमीत नव्हता.

कचेरीच्या आवारात कडुलिंब होता. मल्लव्वा त्याच्या सावलीत बसली, कल्लप्पा व्हरांड्यात. बाकावर त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही. इस्त्रीचा शर्ट त्यानं गळ्यापर्यंत बंद केला होता. नाव पुकारल्यावर तो आत गेला आणि टाच आपटून उभा राहिला.

आत तिघं होते. मधे कर्नल, पिकल्या मिशांचे. त्यांना कंटाळा आलेला होता आणि तो लपवायचाही कंटाळा आला होता. एका बाजूला कुणीतरी लिहून घेणारा. दुसऱ्या बाजूला एक मेजर, तरुण, मराठी बोलणारा डॉक्टर.

नाव. नोकरी. कशानं झालं. मल्लव्वानं घोकून घेतलेलं सगळं कल्लप्पाच्या तोंडून सुरळीत गेलं. विमान वरनं गेलं, फवारा अंगावर पडला, साहेब. पुढं? पुढं काय न्हाय, साहेब. कर्नलनी मान डोलावली.

मेजर उठला. "जरा इकडे उजेडात या."

खिडकीपाशी नेऊन त्यानं कल्लप्पाचा चेहरा हातात धरला.

हातमोजा नव्हता. चिमट्यात धरलेला कापूस नव्हता, पीस नव्हतं. साधा हात, जरासा गार, साबणाचा वास असलेला. हनुवटीखाली एक, कानामागं एक. चेहरा इकडं वळवला, तिकडं वळवला. अंगठा एका गाठीवरून हळू फिरवला. "दुखतं का इथे?"

ह्या चेहऱ्याला शेवटचा हात कुणाचा लागला होता, ते कल्लप्पा आठवायला गेला आणि त्याला आठवेना.

"मी या औषधाबद्दल वाचलंय," मेजर खालच्या आवाजात म्हणाला. "आपल्यापैकी कुणी तिकडे होतं, हे मात्र आजच कळलं. बरं वाटलं तुम्ही आलात." मग त्यानं कल्लप्पाची बाही वर सारली आणि त्याचा हात तपासता तपासता, न्हावी दाढी करताना काहीतरी विचारतो तसं, सहज विचारलं, "तुम्ही सोलापूरचे. तिकडे पाण्याची काय सोय होती हो?"

आणि कल्लप्पानं सांगायला सुरुवात केली.

"पाण्याची गंमतच झाली, साहेब. चौकी डोंगरावर. पाणी लॉरीनं यायचं, आलं तर आलं. टाकी फुटकी. समदी कोरडीच अंग पुसत्यात. आता आमी लिंगायत, गळ्यात लिंग. आंगूळ केल्याबिगर पूजा न्हाय आन् पूजा केल्याबिगर तोंडात पाणी न्हाय. काय करावं? तर साहेब, तितं इमानाच्या पट्टीकडंला त्या फवाऱ्याचे ड्रम पडल्याले. रिकामे. ह्या एवढाले. नुसतं टाकून दिल्याले! सोलापूरच्या माणसाच्या जिवाला कसं सोसंल? आमच्याकडं पत्र्याचा डबा रिकामा झाला तर त्याला चार धनी हुबे ऱ्हात्यात. म्या एक उचलला. पोटावर नारिंगी पट्टा हुता, देखणा. पायानं ढकलत, ढकलत आणला. वाटंत ह्यांचा पहारेकरी हसतोय, पुढं त्यांचा हसतोय. दोन्ही बाजू एका गोष्टीवर हसल्या, तेवढाच काय त्यो तह!"

मेजर हसला. खरंच हसला, दात दिसेपर्यंत. लिहून घेणाराही हसला.

कुणीतरी ऐकत होतं. कल्लप्पाचा आवाज मोठा झाला. बधिर हात हवेत उठले.

"राखेनं घासला, चिंचेनं घासला. वास गेला न्हाय, रॉकेलागत, पण त्याची सवय झाली. विटांवर चढवला, खाली जाळ. डोंगरावर थंडी अशी, आन् ऊन पाणी! पयल्यांदा आमची माणसं आली. मग पोलंडचा एक गोरा टावेल खांद्याव टाकून आला. मग कॅनडाचे. रांग लागली, साहेब. तीन देश रांगंत हुबे, आन् म्या तांब्यानं पाणी देतोय. एक कॅनडाचा साहेब न्हाऊन आला आन् त्यानं मला सलाम ठोकला. उघड्या अंगानं. त्या ड्रमला समदी सोलापूर म्हणायची. म्हणायची, चला, सोलापूरला जाऊन येऊ."

तो थांबला. त्याला धाप लागली होती. इतकं सलग तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

हुकूम कुणाचा होता?

कर्नलचा कंटाळा गेला होता. ते पुढं झुकले होते.

"ड्रम किसका था?"

"तितल्या फौजेचा, साब."

"आयोगाच्या माणसानं कुणाचं काही घ्यायचं नाही, असा नियम होता?" हे मेजरनं विचारलं. हसू त्याच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरत होतं. "कल्लप्पा, नीट आठवून सांगा. ड्रम आणायला तुम्हाला कुणी सांगितलं असेल. सुभेदारसाहेबांनी? हुकूम असेल कुणाचातरी."

मेजर त्याच्याकडं बघत होता. सरळ, डोळ्यांत डोळे घालून. ते बघणं कल्लप्पाला कळलं. कडुलिंबाखाली बसलेली मल्लव्वा असंच बघायची, बांधावरून. व्हय म्हणा. एवढंच म्हणा.

रुद्रीच्या अक्षता डोळ्यांपुढं आल्या. आल्या आणि त्यांच्या शेजारी ती रांग उभी राहिली, टॉवेल खांद्यावर टाकलेली. सुभेदारसाहेबांनी ड्रमकडं कधी ढुंकूनही बघितलं नव्हतं. ते कोरडंच अंग पुसत राहिले होते, शेवटपर्यंत.

"हुकूम कशाला पायजे, साहेब?" कल्लप्पा म्हणाला. "रिकामा पडला हुता. म्याच आणला."

लिहून घेणाऱ्यानं लिहून घेतलं.

कर्नल मेजरशी इंग्रजीत थोडं बोलले. मेजर थोडं जास्त बोलला. मग कर्नलनी कल्लप्पाला हिंदीत समजावलं, नीट, रागावून नव्हे. आजार आहे, दिसतो आहे. पण हुकुमाबाहेर जाऊन, मनाई असलेली वस्तू आपणहून आणली, ती नोकरी होत नाही. आणि सुटताना तक्रार नव्हती, असं लिहिलेलं आहे. वर अपील करता येतं. पुढचा बुलाओ.

कल्लप्पानं टाच आपटली. दारापर्यंत मेजर बरोबर आला. तिथं त्यानं कल्लप्पाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तो आजार कुणाला लागत नाही. घरी सांगा."

"लिवून द्याल का, साहेब?"

मेजरनं मागं, टेबलाकडं बघितलं. "बोर्डाचं लिहिणं एकच जातं," तो म्हणाला. "मला वेगळं लिहिता येत नाही." मग हात काढून घेऊन तो आत गेला. ज्या जागी हात होता ती जागा कल्लप्पाला बराच वेळ गार लागत राहिली.

कुठं उतरणार?

एस.टी. भरलेली होती. कल्लप्पा खिडकीशी बसला होता, त्याच्या शेजारची जागा रिकामी. वाटेत चढलेली माणसं दांडी धरून उभी राहिली. त्यातलं एकजण ओळखीचं होतं आणि खिडकीबाहेर बघत होतं. मल्लव्वा पुढच्या बाकावर, पाठमोरी. येतानाही असंच आले होते.

तिनं कचेरीच्या आवारात काही विचारलं नव्हतं. तो व्हरांड्याच्या पायऱ्या कसा उतरला, ते बघूनच तिनं पिशवी उचलली होती.

हत्तूरच्या पुढं गेल्यावर ती मान न वळवता म्हणाली, "ड्रम काढला न्हवं?"

"व्हय."

"घोकून घेतलं, घसा फोडला. एवढं ध्यानात ऱ्हाईना तुमच्या?"

"ऱ्हायलं हुतं. पर साहेब ऐकत हुते गं."

गाडी खड्ड्यातून गेली. मल्लव्वाचा पदर डोक्यावरून घसरला, तिनं तो वर घेतला. रस्त्याच्या कडेला उसाच्या गाड्या लागल्या होत्या, मग त्या मागं पडल्या आणि नुसतं रान सुरू झालं.

"हसले का?" तिनं विचारलं.

"कोण?"

"साहेब. त्या पहारेकऱ्यांच्या जाग्याला. मला तितवरच ठावं हाय. पुढं मी कधी ऐकूनच घेतलं न्हाय."

"दात दिसंस्तवर हसले."

कल्लप्पा तिच्या पाठीकडं बघत होता. पदर घसरला तेव्हा दिसलं होतं, केसांत पांढरं बरंच आलं होतं. बांधावर तिच्या डोक्यावर पाटी असे, तिथं हे कधी दिसलं नव्हतं.

मग मल्लव्वा उठली. बाकाचा दांडा धरत, पिशवी सावरत ती मागं आली आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसली. दांडी धरलेल्या ओळखीच्या माणसानं आता खिडकीबाहेर बघायचं सोडून दिलं.

"पयल्यापासनं सांगा," ती म्हणाली. "पाण्याची काय सोय हुती?"

"पाणी लॉरीनं यायचं," कल्लप्पा म्हणाला. आवाज बसला होता, तो त्यानं खाकरून मोकळा केला. "आलं तर आलं. टाकी फुटकी. समदी कोरडीच अंग पुसत्यात…"

माळावरचा थांबा आला. गाडी हळू झाली. इथं कल्लप्पानं उतरायचं आणि मल्लव्वानं पुढं गावात जायचं, असं ठरलेलं होतं. दूर, बांधापलीकडं, खोपीचं शाकारलेलं टोक दिसत होतं.

"माळ! माळावर कोण हाय?" कंडक्टरनं दोरीला हात घातला.

कल्लप्पा उठायला गेला. मल्लव्वानं पाय बाजूला घेऊन वाट दिली नाही. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. ती समोर बघत म्हणाली, "मग? त्या पट्टीकडंला काय पडलं हुतं?"

"ड्रम," कल्लप्पा म्हणाला. "रिकामे."

"माळ कुणी हाय का?"

कुणी उतरलं नाही. कंडक्टरनं दोनदा घंटी ओढली.

गाडी वेशीतून गावात शिरली, चावडीपुढची माणसं वळून बघायला लागली, तेव्हा गोष्टीतला ड्रम अजून निम्म्या वाटेवरच होता आणि कल्लप्पा तो पायानं ढकलत होता.